माथेरान : चढणारे आणि वाहणारे

आमच्या घरी एक फोटो आहे. 1998 च्या मे महिन्यातला. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यावर एक हातरिक्षा, तिच्यात नऊवारी नेसलेली आजी, आणि तिच्या मांडीवर सात वर्षांचा मी, डोक्यावर नुकतीच विकत घेतलेली टोपी. रिक्षाच्या दांड्या पुढे गेलेल्या दिसतात. त्या दांड्या धरलेले दोन हातही दिसतात. त्या हातांचा माणूस मात्र फोटोत नाही. बाबांनी रोलमधला एकेक फोटो जपून काढला होता, आणि हा काढताना त्यांना आई आणि मुलगा एवढंच दिसत होतं. मागून ढकलणारे दोघे तर आजीच्या पाठीमागेच झाकले गेले.

आजीचे गुडघे गेलेले होते, म्हणून रिक्षा. पण चढाला ती सारखी म्हणत होती, ‘थांबा रे, मी उतरते, माणसं ओढतायत.’ ओढणारा हसून म्हणाला, ‘आजी, बसा. तुम्ही उतरलात तर आम्ही खाणार काय?’ त्यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यावरच्या बातम्या वाचताना मला हा फोटो आठवला आणि मी माथेरानबद्दल जुनं जे मिळेल ते वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं की ‘गाड्या नसलेलं शांत हिल स्टेशन’ ही जी माथेरानची ओळख आपण रीलमध्ये टाकतो, तिचा इतिहास खरं तर दुसऱ्याच गोष्टीचा आहे. वर कोण चढलं याचा कमी, आणि कुणाला कुणी वर नेलं याचा जास्त.

गूगलवर ‘माथेरानचा शोध’ असं टाकलंत की पहिलं नाव येतं ह्यू पॉइंट्झ मॅलेट. ठाण्याचा कलेक्टर. 1850 च्या मे महिन्यात त्याचा मुक्काम डोंगराखाली चौकला होता. उकाड्याने हैराण झालेला साहेब डोंगर चढून गेला, वर त्याला गार वारा आणि गर्द झाडी सापडली, आणि माथेरानचा ‘शोध लागला’. ही गोष्ट इतक्या ठिकाणी छापली गेलीय की आपण ती तशीच्या तशी पुढे सांगतो.

पण डोंगराला नाव आधीपासून होतं. ‘माथ्यावरचं रान’ म्हणा किंवा कुणी सांगतात तसं ‘मातेचं रान’ म्हणा, नाव मराठीच आहे आणि ते मॅलेटने ठेवलेलं नाही. धनगर, ठाकूर, कातकरी या डोंगरावर आणि त्याच्या उतारांवर राहत होते. शार्लट लेक म्हणून आपण ज्या तळ्याकाठी मक्याची कणसं खातो, त्याच्या जवळचा पिसरनाथ हे इथलं ग्रामदैवत. साहेब चढला ती वाटही आधी कुणाच्या तरी पायांनी पाडलेली होती. लाकडं, मध, हिरडा, गुरं यांच्यासाठी रोज वरखाली करणाऱ्यांना कधी वाटलं नसेल की आपण एखाद्या शोधाच्या शेजारून चालतोय.

मॅलेटने नवीन काय केलं, तर वर राहायला घर बांधलं आणि मुंबईच्या गोऱ्या मंडळींना इथे यायचं वेड लावलं. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी मनावर घेतल्यावर बंगले, रस्ते, पॉइंट यांची आखणी झाली. काळही जुळून आला होता. 1853 ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि 1856 पर्यंत रूळ नेरळ-कर्जतवरून खोपोलीपर्यंत पोचले. म्हणजे मुंबईचा साहेब गाडीत बसून नेरळला उतरू शकत होता. प्रश्न उरला तो शेवटच्या सहा-सात मैलांचा. तेवढा चढ.

तो चढ सुटला खांद्यांवर. तट्टू होते, पण सगळ्यांना तट्टूवर बसता येत नसे. बायका, मुलं, आजारी माणसं आणि ज्यांना बसायचा कंटाळा अशी धडधाकट माणसंही पालखीत, डोलीत, खुर्चीत बसून वर जात. ब्रिटिशांच्या हिल स्टेशनांची गंमत हीच होती. दमट हवेपासून सुटका, ताजेपणा, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ वगैरे सगळं हवं; पण त्यासाठी दमणारं शरीर दुसऱ्याचं. पियानोपासून पाण्याच्या घागरीपर्यंत सगळं माणसाच्या किंवा जनावराच्या पाठीवरून वर चढलं. उन्हाळा संपला की साहेब खाली उतरत आणि पावसाळ्यात डोंगर पुन्हा इथल्याच लोकांचा होई.

या लोकांबद्दल कुतूहल असलेले गोरेही होते. जॉन स्मिथ नावाच्या एकाने 1871 मध्ये माथेरानवर एक अख्खं पुस्तक छापलं. त्याच्या नावातच डोंगराची माणसं, झाडं आणि प्राणी हे तिन्ही एका ओळीत येतात. तेव्हाच्या नजरेचा अंदाज येण्यासाठी एवढं पुरे.

पॉइंटांची नावं बघा. लुइसा, अलेक्झांडर, पॅनोरमा, इको, हार्ट, पॉर्क्युपाइन, वन ट्री हिल. जिथून सुंदर दिसतं तिथे इंग्रजी नाव, आणि जिथून माणसं चढउतार करत होती त्या जागा बऱ्याचदा मराठी राहिल्या : रामबाग, गारबट, चौक. सगळीकडे हा नियम चालत नाही, पण मला तो पटतो. पाहणाऱ्यांनी एक नकाशा केला आणि वाहणाऱ्यांचा आधीच होता, असं काहीसं.

आता रेल्वे. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण हिच्यातला नायक साहेब नाही. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे दाऊदी बोहरा व्यापारी. लहानपणी रस्त्यावर काडेपेट्या विकल्या असं सांगतात. पुढे ब्रिटिश फौजेला तंबू आणि बूट पुरवून ते प्रचंड श्रीमंत झाले. धारावीतला त्यांचा चामड्याचा कारखाना नावाजलेला होता. माथेरान त्यांचं लाडकं ठिकाण. दंतकथा अशी की एकदा नेरळला उतरल्यावर वर जायला त्यांना काही वाहन मिळेना आणि ते परत मुंबईला आले. मग म्हणाले, मी इथे रेल्वेच बांधतो. दंतकथा खरी असो नसो, रेल्वे खरी झाली. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने 1904 मध्ये काम सुरू केलं आणि 1907 मध्ये नेरळ-माथेरान गाडी धावू लागली. खर्च 16 लाख रुपये, तोही आदमजींच्या खिशातला.

दोन फूट रुंदीचा रूळ, वीस-एकवीस किलोमीटरचा रस्ता, दोनशेहून जास्त वळणं. काही ठिकाणी चढ एवढा की वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यासाठी जर्मनीतल्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीची खास इंजिनं आणली, जी इतक्या तीव्र वळणांवर अंग वळवू शकत. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं त्याच वाटेवरची. दोन-अडीच तासांच्या प्रवासात लहान मुलं उतरून पळत पळत पुन्हा डब्यात चढत, असं आमचे बाबा अजून सांगतात.

या गाडीने नेरळपासूनच्या खांद्यांचं ओझं निम्म्याहून जास्त उतरवलं, हे खरंच. पण गाडी माथेरानच्या बाजारात थांबते. तिथून तुमच्या हॉटेलपर्यंत, बंगल्यापर्यंत, पॉइंटपर्यंत? आणि वाहनं वर न्यायची नाहीत हा नियम जुना. 2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं आणि तो नियम आणखी पक्का झाला. अँब्युलन्स आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर इंजिनवालं काही नाही. तुमची गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवायची. पुढे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर, अमन लॉजहून शटलने, किंवा हातरिक्षात.

‘रिक्षा’ हा शब्द जपानचा. तिथे 1869-70 च्या सुमारास ही गाडी आली आणि तिला म्हणत जिनरिकिशा. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. ती सिमल्यापासून कोलकात्यापर्यंत पसरली तोवर तोंडात फक्त ‘रिक्षा’ उरलं होतं. शब्दातून गळाला तो नेमका ‘माणूस’.

माथेरानच्या हातरिक्षाला कोलकात्यासारखा एक माणूस पुरत नाही. चढावर तीन लागतात : एक पुढे ओढायला, दोन मागून ढकलायला. उतारावर काम उलटं होतं. मागचे दोघे ओढून धरतात आणि पुढचा पाठीने रेटून गाडी अडवतो. पावसाळ्यात लाल चिखल, उन्हाळ्यात धूळ. परवाने असलेल्या हातरिक्षा 94. सामान वाहणारे हमाल वेगळे, त्यात बायकाही. दस्तुरीपासून सिलिंडर, सिमेंट, भाजी, गाद्या, दारूचे खोके, सगळं घोड्यावरून किंवा हातगाडीवरून आत येतं. तुमच्या हॉटेलातल्या वडापावची बटाट्याची गोणीसुद्धा.

याच डोंगरावर 1 डिसेंबर 1912 ला एक मुलगा जन्माला आला, गरीब न्हावी कुटुंबात. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. साहेबांच्या आणि शेटजींच्या गावात जन्मलेला, पण त्यांच्यापैकी नसलेला. शिकून वकील झाला, 1941 मध्ये माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. कर्जतच्या पट्ट्यात शेतकरी आणि आदिवासी सावकारांच्या व्याजात पार बुडालेले होते. त्यांच्यासाठी कोतवालांनी गावोगावी शाळा काढल्या, आणि अडचणीच्या महिन्यांत धान्य उधार मिळेल अशी धान्यकोठी उभी केली. लोक त्यांना ‘भाई’ म्हणू लागले.

1942 ला ‘चले जाव’ सुरू झाल्यावर भाई भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात एकामागून एक विजेचे मनोरे पाडले. सह्याद्रीतल्या पाण्यावर तयार होणारी वीज या मनोऱ्यांवरून मुंबईला जायची. मनोरा पडला की गिरण्या अडखळायच्या, रेल्वे अडखळायची. हे करायला डोंगराच्या वाटा माहीत असाव्या लागतात, आणि वाटा माहीत होत्या त्या ओझी वाहणाऱ्यांच्या घरात वाढलेल्यांनाच. 2 जानेवारी 1943 ला पहाटे मुरबाडच्या सिद्धगडावर पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच गोळीबारात मारले गेले. भाई तेव्हा तीस वर्षांचे होते. दर 2 जानेवारीला सिद्धगडावर आजही लोक जमतात.

माथेरानच्या हार्ट पॉइंटवरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात म्हणून आपण तिथे जातो. मी तीनदा गेलोय. भाई कोतवालांचं नाव तिथे पहिल्यांदा ऐकलं ते तिसऱ्या खेपेला, आणि तेही घोडेवाल्याकडून. टूरच्या ‘बारा पॉइंट’मध्ये ते येत नाही.

गाडीचं सांगायचं राहिलं. 26 जुलै 2005 च्या पावसाने तिचा रूळ अनेक ठिकाणी वाहून नेला. ती पुन्हा धावायला 2007 उजाडलं. 2016 मध्ये डबे घसरल्यावर ती बंद झाली, 2018 ला परत आली, 2019 च्या पावसाने पुन्हा थांबली, आणि पूर्ण मार्गावर परत यायला 2022 चा ऑक्टोबर लागला. प्रत्येक बंदीत काय झालं असेल ते ओळखा. गाडी नाही म्हणजे घोडा, हमाल, हातरिक्षा. आपल्याला ‘टॉय ट्रेन बंद’ म्हणजे फोटो चुकला असं वाटतं. तिथल्या शाळकरी मुलाला आणि डायलिसिसला खाली जाणाऱ्या म्हाताऱ्याला तो शब्दशः पायांचा प्रश्न असतो.

म्हणूनच ई-रिक्षांची मागणी पर्यटकांनी केली नव्हती. ती केली माथेरानमध्ये राहणाऱ्यांनी, त्यात स्वतः हातरिक्षा ओढणारे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, परवानगी मिळाली आणि डिसेंबर 2022 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सात ई-रिक्षा सुरू झाल्या. पोरं शाळेत त्यातून जाऊ लागली. विरोधही झाला. घोडेवाल्यांचं म्हणणं होतं, आज बॅटरीची रिक्षा, उद्या मोटार. आमच्या साडेचारशे घोड्यांनी काय करायचं? मला हा विरोध सरसकट स्वार्थी म्हणता येत नाही. घोडेवाला श्रीमंत नाही, आणि दस्तुरीपर्यंत गाड्यांची रांग एकदा बघितली की ‘उद्या मोटार’ ही भीती खोटी वाटत नाही. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घालायचे की नाही यावरही भांडण झालं. ब्लॉकवरून घोडे घसरतात, आणि ब्लॉक नसले तर रिक्षा रुतते.

पण एक युक्तिवाद मला अजिबात पटत नाही, आणि तो बहुतेक वेळा आपल्यासारख्यांकडूनच येतो : हातरिक्षा गेली तर माथेरानची ‘चार्म’ जाईल. कुणाच्या तरी फुप्फुसांवर चालणारी चार्म.

6 ऑगस्ट 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, स्वातंत्र्याला इतकी वर्षं होऊनही ते चालू राहावं हे लाजिरवाणं आहे, आणि हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा. ओढणाऱ्यांचं पोट बुडू नये म्हणून ई-रिक्षा विकत घेऊन त्यांना भाड्याने देण्याची योजना राज्य सरकारने करावी, गुजरातेतल्या केवडियासारखी, असंही सांगितलं. न्यायालयाने 1980 सालच्या पंजाबातल्या रिक्षाचालकांच्या निकालाची आठवण काढली. त्या खटल्याच्या मुळाशी एक साधी कल्पना होती : जो रिक्षा ओढतो तोच तिचा मालक असावा, मधल्या भाडं खाणाऱ्याची गरज नाही. मधली पंचेचाळीस वर्षं मोजली की निकाल वाचताना थोडं ओशाळायला होतं.

आजीला जे उत्तर आम्ही देऊ शकलो नव्हतो ते हेच असावं. उतरणं हे उत्तर नव्हतं, कारण उतरलेल्या आजीने त्या तिघांना काही दिलं नसतं. आणि बसून राहणं हेही नव्हतं. ओढायची गाडी बदलायची आणि ती त्यांच्याच हातात द्यायची, हे 1998 मध्ये आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. 1980 पासून ते कागदावर होतं.

गेल्या खेपेला मी रामबागेच्या बाजूने पहाटे खाली उतरत होतो. धुकं होतं, एक फोटो काढावा म्हणून थांबलो. खालून एक मावशी चढत आल्या, डोक्यावर पाटी, पाटीत भाजी आणि वरती फडकं. डोंगराच्या उतारावरच्या एका वाडीतल्या. रोज चढतात, बाजारात विकतात, दुपारी उतरतात. मी विचारलं, रस्ता नाही का तुमच्या वाडीला? म्हणाल्या, व्हणार व्हणार म्हनत्यात. मग पाटी कठड्यावर टेकवून दम घेत त्यांनी सांगितलं की गेल्या पावसात त्यांच्या सुनेला बाळंतपणासाठी झोळी करून चौघांनी खाली नेलं होतं.

‘आनि तुमी?’ त्यांनी विचारलं. ‘असंच फिराया?’

मी हो म्हणालो. पाटी पुन्हा डोक्यावर चढवायला त्यांना हात दिला. ती अंदाजापेक्षा बरीच जड होती.